पाऱ्याचं पाणी

आमच्या घरात सकाळच्या वेळी कुणी मोठ्यानं हसलेलं चालत नसे आणि अप्पांनी तिखट खाल्लेलं चालत नसे. पहिल्या गोष्टीचं कारण होते दोड्डप्पा आणि दुसरीचं कारण होती नीळ. दोड्डप्पा म्हणजे अप्पांचे, माझ्या वडलांचे, थोरले भाऊ. आम्ही रंगारी लोक; म्हैसुरात येऊन किती पिढ्या झाल्या ते कुणालाच धड सांगता येत नव्हतं. घरात मराठीच बोलायचो, पण तिच्यात कानडी इतकी मुरलेली की थोरल्या काकांना दोड्डप्पा आणि लहान मुलीला पुट्टी म्हणणं हेही आम्हाला अस्सल मराठीच वाटे. ती पुट्टी मी. आज पंचाहत्तरी उलटल्यावरही मला त्या नावानं हाक मारणारं एखादं माणूस असतं तर बरं झालं असतं, पण ते असो.

नीळ म्हणजे आमच्या मागच्या अंगणात गळ्यापर्यंत जमिनीत पुरलेले तीन रांजण. त्यात निळीच्या वड्या, चुना, टाकळ्याचं शिजवलेलं बी आणि आईच्या माहेरून, बन्नूरहून, आलेला काळा गूळ. हे सगळं आंबून नीळ जिवंत व्हायची. आम्ही 'जिवंत' असंच म्हणायचो. तिला थंडी वाजायची, मग रांजणाभोवती गोणपाटं गुंडाळायची. ती रुसायची, मग मूठभर गूळ द्यायचा. ती रंगायला तयार झाली की नाही, हे डोळ्यांनी कळत नाही. नाकानं थोडं कळतं. खरं कळतं ते जिभेला. उजव्या हाताचं पहिलं बोट पाण्यात बुडवायचं, जिभेच्या शेंड्याला लावायचं, डोळे मिटायचे आणि डाव्या बाजूला थुंकायचं. चुना चढला असेल तर जीभ चावल्यासारखी होते, उतरला असेल तर शिळ्या ताकासारखं लागतं, आणि या दोहोंच्या मधे एक चव आहे ती मला सांगता येणार नाही, कारण तिला नाव नाही. अप्पांना ती ओळखता यायची. आमच्या गल्लीत अप्पांची जीभ नावाजलेली होती. त्यासाठी ते पान खात नसत, तंबाखू खात नसत आणि नीळ बघून होईपर्यंत बिनमिठाची नाचणीची आंबील तेवढी पीत. दुपारी मात्र नाचणीचा मुद्दा, म्हणजे उकडीचा गोळा, आणि अवऱ्याच्या, म्हणजे पावट्याच्या, दाण्यांचं झणझणीत सारू असं काही हाणायचे की सकाळचा सगळा उपास भरून निघे.

रंगाऱ्याचा सिनेमाशी काय संबंध, असं मला पुष्कळांनी विचारलं आहे. त्या काळी चित्रं मुकी होती आणि काळी-पांढरी होती हे सगळ्यांना माहीत असतं. पण ती रंगवत हे कुणाला माहीत नसतं. रात्रीचा देखावा असला की फिल्मची ती पट्टी निळ्या रंगात बुडवायची, आग लागली की लाल रंगात. म्हणजे रंगाऱ्याचंच काम, फक्त लुगड्याऐवजी हातभर लांबीच्या हजार पट्ट्या. मुंबईच्या एका कंपनीनं या कामासाठी अप्पांना सहा महिने बोलावून नेलं होतं. अप्पा तिकडे असताना माझा धाकटा भाऊ तापानं गेला. तीन वर्षांचा होता. पत्र पोचायच्या आत सगळं आटोपलं होतं. अप्पा परत आले ते दोन गोष्टी मनात घेऊन. एक म्हणजे त्यांना नुसती पट्टी रंगवायची नव्हती, चित्र कसं घेतात, कसं धुतात, कसं जोडतात ते सगळं शिकायचं होतं. आणि दुसरी म्हणजे आता कुठंही जायचं तर बायकोमुलीला घेऊन, नाहीतर नाही. पहिली गोष्ट ते सगळ्यांना सांगत. दुसरी त्यांनी एकदाच सांगितली, दोड्डप्पांसमोर, आणि तिथून आमच्या घरात भांडण शिरलं.

सिनेमा शिकवणारी शाळा जर्मनीत होती. फोटोवाले नंजुंडय्या म्हणून अप्पांचे एक स्नेही होते, बाजारात त्यांचा फोटोचा स्टुडिओ होता, त्यांना त्या शाळेचा कागद कुठून तरी मिळाला. सरकारातून हुशार माणसांना परदेशी शिकायला पाठवत, तसा अप्पांनी अर्ज केला. अर्ज मंजूर झाला तर माणसाचा खर्च सरकार करणार. बायकोमुलीचा ज्याचा त्यानं बघायचा. आईनं स्वतःहून बांगड्या काढून ठेवल्या. दोड्डप्पांनी त्या उचलून परत तिच्यापुढे ठेवल्या आणि अप्पांना म्हणाले, "जायचं तर तू जा. एकटा जा. बाईमाणूस आणि पोर समुद्रापलीकडे नेलीस, मत्ते, मग, परत आल्यावर या पोरीला सून करून घेणार कोण?" अप्पा म्हणाले, "एकटा जाणार नाही." दोड्डप्पा म्हणाले, "तर आयतु, झालं. नक्को जाऊ." एवढंच. पण हे एवढंच रोज सकाळी आंबिलीबरोबर आणि रोज संध्याकाळी दिवाबत्तीबरोबर व्हायचं. एरवी आमच्या घराला ठशांचा आवाज असे, लाकडी ठसा कापडावर बसला की होणारा बसका आवाज, दिवसभर; शेजारच्या अग्रहारातल्या देवळाची घंटा असे, जटक्याच्या घोड्यांच्या टापा असत. त्या दिवसांत हे सगळे आवाज तसेच होते, पण मला आठवतात ते दोन भाऊ गप्प बसलेले.

मला कुणी विचारलंच नाही. विचारलं असतं तर मी सांगितलं असतं की मला भीती वाटते. इतकी भीती की मला रात्रीची झोप आणि दिवसाची भूक लागेनाशी झाली होती. तंबूतला सिनेमा मी एकदा पाहिला होता. त्यात एका गोऱ्या बाईचं तोंड चादरभर मोठं झालं, ते उघडलं, मिटलं, पुन्हा उघडलं आणि आवाज आला नाही. माझी अशी पक्की समजूत झाली की त्या देशातली माणसं अशीच आहेत. त्यांना आवाज नसतो. तिथं मी पडले आणि ओरडले तर कुणाला ऐकू येणार नाही. त्यात शेजारच्या वेंकम्मानं सांगितलं, की तिकडे हिवाळ्यात सूर्य उगवत नाही आणि माणूस मेलं तर जहाजावरून पाण्यात टाकून देतात. जहाजावर मेलेल्याला टाकतात हे बाईनं खरं सांगितलं होतं, सूर्याचं खोटं. पण मला दोन्ही सारखीच खरी वाटली. आज माझी नात दर सहा महिन्यांनी विमानानं परदेशी जाते आणि विमानात झोप लागली नाही म्हणून कुरकुरते. तिला मी हे सांगितलं तर ती हसते. हसू दे. अकरा वर्षांच्या मुलीची भीती कुणालाच खरी वाटत नाही, त्या मुलीलाही पुढे वाटत नाही. मला मात्र अजून आठवते.

म्हणून दोड्डप्पा 'नक्को' म्हणाले की मला आत कुठंतरी बरं वाटे. ज्या माणसाची पावलं वाजली तरी मी ठशाच्या मेजाखाली जाऊन बसत असे, त्याच माणसाचा मला त्या दिवसांत आधार वाटत होता. हे मी कुणाला सांगितलं नाही. आईला तर नाहीच. आई तेव्हा फारसं बोलत नसे. बाळ गेला ती लहान खोली ती रोज झाडायची, आत काहीही सामान नसताना, आणि मग दार ओढून घ्यायची.

आता तो दिवस सांगते. सरकारातून निरोप आला, की अर्जदाराचं काम बघायला एक साहेब घरी येतील. नुसत्या रंगवलेल्या पट्ट्या नको होत्या. अप्पांनी स्वतः घेतलेलं, स्वतः धुतलेलं चित्र त्यांना बघायचं होतं. नंजुंडय्यांनी आपला हातानं फिरवायचा जुना कॅमेरा आणला. अप्पांनी आमच्याच अंगणात चित्र घेतलं: दोड्डप्पा रांजणातून कापड वर काढताहेत. दोड्डप्पांना आपलं चित्र घेतल्याचं माहीत होतं की नाही देव जाणे. ते कॅमेऱ्याकडे पाठ करूनच उभे होते. पट्टी धुऊन निघाली तेव्हा फिकी निघाली, आजारी माणसासारखी. अप्पांचा चेहरा तिच्याहून फिका. मग नंजुंडय्यांनी आपल्याकडची एक बाटली दिली. तिच्यातलं औषध पाऱ्यापासून केलेलं होतं. त्या पाण्यात पट्टी बुडवली की चित्र आधी पांढरं होऊन नाहीसं होतं आणि मग दुसऱ्या पाण्यात बुडवली की पहिल्यापेक्षा गडद होऊन परत येतं. बाटली देताना ते अप्पांना दोनदा म्हणाले, "इदु विष. बायिगे हाकबेडि." विष आहे, तोंडात घालू नका. अप्पा हसले. म्हणाले, "मी काय लहान पोर आहे?"

साहेब सकाळीच आले. कोट, जरीचा फेटा, हातात छडी. त्यांना अंगणात खुर्ची दिली. आईनं आतून कॉफी पाठवली, ती मी नेली, आणि नेऊन झाल्यावर मी रांजणांच्या आडोशाला उभी राहिले. दोड्डप्पा पलीकडच्या टोकाला दगडावर कापड धूत होते. साहेबांकडे त्यांनी एकदा हात जोडले आणि पुन्हा कापड आपटायला लागले. नंजुंडय्या त्या दिवशी नंजनगूडकडे कुणाच्या लग्नाचे फोटो काढायला गेले होते. ते तिथं असते तर मला हे प्रकरण लिहावं लागलं नसतं.

अप्पांनी चिनी मातीच्या थाळीत ते पाण्यासारखं औषध ओतलं. आदल्या दिवशीच कालवून ठेवलेलं होतं, तसं त्यांनी साहेबांना सांगितलंही. फिकी पट्टी साहेबांना दाखवली, आता ही गडद करतो म्हणाले. साहेबांनी कानडीत विचारलं, अगदी सहज, "रात्रभर ठेवलेलं औषध. त्यात जोर आहे की उतरला, हे तुम्ही कसं ओळखता?"

या प्रश्नाचं उत्तर आमच्या घरात शंभर वर्षं एकच होतं. अप्पांनी विचार केला नाही. त्यांच्या बोटानं केला. ते थाळीत बुडालं, वर आलं, तोंडात गेलं, आणि जिभेच्या शेंड्याला नव्हे, सबंध गेलं, कारण नवी चव होती आणि अप्पा ती शोधत होते. त्यांनी डोळे मिटले. मग उघडले. ते डावीकडे वळले, थुंकायला, आणि नेमके त्याच वेळी साहेब पुढे वाकून म्हणाले, "म्हणजे चवीनं? भले. आणि वेळ किती लागतो?" सरकारी साहेबाच्या समोर थुंकायचं कसं? अप्पांनी गिळलं. गिळलं आणि म्हणाले, "वीस मिनिटं."

हे फक्त मी पाहिलं. साहेबांनीही पाहिलं, पण त्यांना काय पाहिलं ते कळलं नाही. अप्पांची नजर रांजणांवरून फिरत माझ्यावर आली आणि तिथं थांबली. नंतर ते पुन्हा थाळीकडे वळले. पट्टी पांढरी झाली, दोड्डप्पांची पाठ, रांजण, कापड, सगळं नाहीसं झालं. आणि दुसऱ्या पाण्यात ते सगळं परत आलं, काळं कुळकुळीत, एकेक घडी मोजावी असं. साहेब खूश झाले. छडी बगलेत मारून त्यांनी अप्पांशी हात मिळवला, त्याच हाताशी. मला वाटलं आता तेही मरणार.

ते गेल्यावर अप्पांनी मला थाळ्या उचलायच्या निमित्तानं जवळ बोलावलं. त्यांनी तोंड धुतलं होतं, चार वेळा चूळ भरली होती. "कुणाला सांगू नक्को," ते म्हणाले. "थेंबभर गेलंय. काही होत नाही. पण दादाला कळलं तर तो साहेबाला जाऊन सांगेल, असला माणूस धाडू नका म्हणून. मत्ते जाणं बुडालं. कळलं?" मी मान हलवली. "आईलाही नक्को." मी पुन्हा मान हलवली.

दुपारी ते जेवले नाहीत. डोकं दुखतं म्हणून ओट्यावर आडवे झाले. आई आणि मी स्वयंपाकघरात भिजवलेले अवऱ्याचे दाणे सोलत बसलो होतो. अंगठा आणि बोटाच्या मधे दाणा दाबला की साल हातात राहते आणि डाळ उडून पातेल्यात पडते. हे काम करायला गंमत येते म्हणून मुलींना देतात. त्या दिवशी माझे दाणे पातेल्याबाहेर पडत होते. ओट्यावरून मधून मधून ओकारीचा आवाज येई, मग पाण्याचा, मग काहीच नाही. आईनं एकदा उठून त्यांना पाणी नेऊन दिलं आणि परत येऊन बसली. तिनं काही विचारलं नाही. मी दर दाण्याला ठरवत होते, हा सोलून झाला की सांगते. आणि सांगत नव्हते. तिसऱ्या प्रहरी मी बाहेर जाऊन बघितलं तर अप्पांचे ओठ आतून पांढरे झाले होते, चुना लावल्यासारखे, आणि ते थुंकले त्यात लाल तार होती. मला बघून त्यांनी तोंडावर बोट ठेवलं. तेच बोट.

आता मी जे लिहिते ते लिहायला मला साठ वर्षांहून जास्त वेळ लागला. त्या वेळी मला भीती वाटत होती, हे खरंच; अप्पा मरणार असं स्वच्छ दिसत होतं. पण त्या भीतीच्या शेजारी दुसरं काहीतरी बसलं होतं, आणि ते म्हणत होतं: सांगितलंस तर जाणं बुडतं. अप्पांनीच सांगितलंय, जाणं बुडतं. मग जहाज नाही, मुकी माणसं नाहीत, तू इथंच. मी त्याला हाकलत होते आणि ते जात नव्हतं. मला सांगायचंय ते अप्पांसाठी की माझ्यासाठी, हे मला ठरवता येईना, आणि ठरत नाही तोवर सांगणं पाप आहे असं काहीतरी माझ्या डोक्यात बसलं. त्या मूर्खपणात दोन तास गेले. विषाच्या बाबतीत दोन तास म्हणजे काय, हे मला पुढे एका डॉक्टरांनी सांगितलं तेव्हा मी त्यांच्याकडे बघू शकले नाही.

दिवाबत्तीच्या सुमाराला मी उठले. आई माझ्यापासून हातभर अंतरावर होती. मी तिला सांगितलं नाही. मी तिच्या शेजारून उठून, स्वयंपाकघरातून, अंगणातून, तिन्ही रांजण ओलांडून पलीकडच्या टोकाला गेले, ज्या माणसाशी मी आयुष्यात आपण होऊन एक शब्द बोलले नव्हते त्याच्याकडे, आणि म्हणाले, "दोड्डप्पा, अप्पांनी पाऱ्याचं पाणी गिळलं."

दोड्डप्पांच्या हातातलं कापड तसंच पाण्यात पडलं. मला वाटलं आधी ते मला मारतील. त्यांनी फक्त विचारलं, "केव्हा?" मी म्हटलं, "सकाळी." ते पळाले. त्यांना पळताना मी कधी पाहिलं नव्हतं. ओट्यावर जाऊन त्यांनी अप्पांचं डोकं मांडीवर घेतलं, स्वतःची दोन निळी बोटं त्यांच्या घशात घातली, आणि अप्पा ओकायला लागले तशी कानडीत ओरडून गल्लीतल्या माणसाला डॉक्टरांकडे धाडलं. डॉक्टर येईपर्यंत ते अप्पांना धरून होते आणि एकच वाक्य बोलत होते. "काय केलंस रे, सांगायचं की नाही, सांगायचं की नाही रे." डॉक्टरांनी कच्च्या अंड्यांचा पांढरा बलक आणि दूध पाजायला सांगितलं, पाजलं की ओकायचं, पुन्हा पाजायचं. आमच्या घरात अंडी नव्हती. दोड्डप्पा अनवाणी जाऊन पदर पसरावा तसं धोतराच्या ओच्यात अंडी घेऊन आले. एकही फुटलं नव्हतं.

अप्पा वाचले. डॉक्टर म्हणाले, थोडं गिळलं म्हणून. हिरड्या सुजून तीन आठवडे त्यांना पेजेशिवाय काही चालत नव्हतं, आणि तोंडात गंजलेल्या लोखंडाची चव राहिली ती जाता जाईना. नीळ आता दोड्डप्पा बघू लागले. मला वाटलं, संपलं. सुटका झाली. आणि तसं वाटल्याबद्दल मी देवळात जाऊन नमस्कारही घातले. त्याच सुमारास सरकारी लखोटा आला, अर्ज मंजूर झाल्याचा. अप्पांनी तो वाचून दोड्डप्पांच्या पुढ्यात ठेवला आणि म्हणाले, "तू म्हणशील तसं."

दोड्डप्पांनी आधी हात पुसले. मग म्हणाले, "आता काय म्हणू? तिकडे सगळा हाच धंदा. बाटल्याच बाटल्या. तुला सांगून कळतं, तुझ्या बोटाला कोण सांगणार? एकटा धाडला तर आठ दिवसांत तार येईल आम्हाला. बायकोला ने. हिलाही ने." त्यांनी माझ्याकडे बघितलं. "या पुट्टीनं सांगितलं म्हणून तू आहेस. ही शेजारी बसू दे. हात तोंडाकडे गेला की हाक मारू दे." अप्पा म्हणाले, "आणि जातीतली माणसं?" दोड्डप्पा म्हणाले, "त्यांचं मी बघतो. तू नक्को बघू."

अशी मी जर्मनीला गेले. जाणं बुडवायला तोंड उघडलं आणि त्यानंच मला जहाजावर चढवलं. निघताना दोड्डप्पा स्टेशनवर आले नाहीत. नीळ सोडून येता येत नाही म्हणाले. प्रवासाचं मी इथं काही लिहीत नाही, कारण मी तो सगळा अंथरुणात पांघरूण डोक्यावर घेऊन केला. त्या शाळेत औषधांची एक लांबलचक खोली होती, पत्र्याच्या टाक्या, काचेच्या बरण्या, लाल दिवे. अप्पांच्या टेबलाशेजारी मला एक उंच स्टूल दिलं. पोरगी कशाला, हे अप्पांना त्यांच्या मोडक्या भाषेत समजावून सांगता आलं नाही, तेव्हा त्यांनी बोट तोंडाकडे नेऊन दाखवलं आणि मी सवयीनं "अप्पा!" म्हणून ओरडले. तरणी मुलं हसली. म्हातारे मास्तर हसले नाहीत. त्यांनी मला स्टूल आणखी जवळ ओढायला सांगितलं.

पहिल्या महिन्यात तो हात तीनदा वर आला. तिसऱ्यांदा मला जरा उशीर झाला, बोट ओठाला टेकलं होतं. त्या संध्याकाळी आम्ही दोघं खोलीवर चालत परत येत होतो, बर्फात, एकमेकांचे हात धरून, आणि अप्पा एकाएकी म्हणाले, "पुट्टी, त्या दिवशी आई जवळ होती. तिला सोडून तू दादाकडे का गेलीस?"

या प्रश्नाला मी महिनोन् महिने भीत होते. आता विचारलाच म्हटल्यावर मी म्हटलं, "मला यायचं नव्हतं. आईनं लपवलं असतं. दोड्डप्पांनी जाणं बंद केलं असतं."

अप्पांनी माझ्या डोक्यावरचा बर्फ झटकला. मग म्हणाले, "हं. आणि मी तुला गप्प बसवलं ते मला यायचं होतं म्हणून. म्हणजे माझ्या जिवाची पर्वा दोघांनाही नव्हती म्हणायची." ते हसायला बघत होते पण त्यांना जमत नव्हतं. "आईला सांगू या आज. तिच्यापासून फार दिवस लपवलं."

खोलीवर आई भात उकडत होती. अप्पांनी कोट न काढता तिला सगळं सांगितलं, मी रांजणांच्या आड उभी होते तिथपासून, सगळं. आई उलथनं हातात धरून ऐकत होती. ऐकून झाल्यावर तिनं चूल बारीक केली आणि आमच्याकडे पाठ करूनच म्हणाली, "मला दुपारीच दिसलं होतं. पाणी द्यायला आले तेव्हा. तुमचे ओठ पांढरे होते. विचारलं असतं तर तुम्ही सांगितलं असतं, आणि सांगितलं असतं तर दादांना बोलवावं लागलं असतं. म्हणून विचारलं नाही. दाणे सोलत बसले." मग ती म्हणाली, "ती खोली झाडून झाडून मी थकले होते. मला त्या घरातनं निघायचं होतं."

भात करपायला लागला तरी कुणी उठलं नाही. मी मघापर्यंत समजत होते की सगळ्यात वाईट मीच, आणि त्यात एक प्रकारची सोयही होती. ती त्या खोलीत संपली. आम्ही तिघं एकमेकांवर जीव टाकणारी माणसं होतो, आजही तसंच म्हणेन. अप्पा मरावेत असं आमच्यापैकी कुणालाच वाटत नव्हतं. पण ते मरू नयेत हे दोड्डप्पांना सगळ्यात आधी वाटलं, आणि आम्हाला दुसरं काहीतरी वाटून झाल्यावर.

अप्पांनी शेवटी कोट काढला, टेबलाशी बसले आणि म्हणाले, "दादाला पत्र लिहायला घेतो." कागद पुढे ओढला, 'तीर्थरूप दादास' एवढं लिहिलं, आणि पुढं काय लिहावं म्हणून आमच्या दोघींच्या तोंडाकडे बघत बसले.